चाकामागची हळद

मित्रांनो, मी एक जुना क्रॉस आहे, ट्रकच्या पुढच्या अॅक्सलमधला सांधा. नाव ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडतील, कारण मला पाहिलेले लोक फार थोडे. गुडघा दुखायला लागेपर्यंत त्याची आठवण कोणाला होते? माझेही तसेच. इंजिनाचा जोर पुढच्या चाकाला पोहोचवायचा आणि चाक वळले की आपणही वळायचे, हे माझे काम. गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा माझा आकार. चारही टोकांना लोखंडी टोप्या आणि टोप्यांच्या आत सुयांसारखे बारीक रूळ. या रुळांना ग्रीस लागते. ते भरायला माझ्या पोटाशी एक बारीक तोंड आहे. हे तोंड लक्षात ठेवा, माझी सारी कर्मकहाणी तिथेच आहे.

तरुणपणी मी सैन्यात होतो. बंदुका-तोफांचे मोठे नाव सांगणार नाही. आम्ही पीठ आणि बटाटे वाहिले. पुढे ट्रक लिलावात निघाला आणि आंबागडच्या मारोतरावांनी तो घेतला. गडाखालच्या जंगलातून बांबू आणि लाकूड डेपोला न्यायचे, हा त्यांचा धंदा. चिखलात मागची चाके रुतली की पुढच्या चाकांची, म्हणजे माझी आणि माझ्या जोडीदाराची पाळी येई. आम्ही गाडी ओढून काढली की मारोतराव म्हणत, "शाब्बास रे पठ्ठे हो!" त्या शब्दाने अंगात बळ येई.

त्यांच्या गोठ्यात बैल उरले नव्हते. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्याने बैलांचे खांदे शेकायची रीत, म्हणजे खांद, त्यांनी सोडली नाही. सकाळी पोते अंथरून ते गाडीखाली शिरत आणि माझ्या तोंडातून ताजे ग्रीस भरत. जुने, काळे ग्रीस बाहेर आले की मला चिंधीने लख्ख पुसून ठेवत. संध्याकाळी त्यांची बायको, देवकाबाई, हळद आणि लोणी घेऊन येणार. तिच्या हाताला काळे लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. देवकाबाई सकाळी धानाच्या निंदणाला गेलेल्या असत. संध्याकाळी त्या पळसाच्या पानाने चाकामागे, माझ्या अंगावर, हळद-लोणी लावत आणि बैलांना म्हणतात तसे म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग एका हिवाळ्यात मारोतराव तापाने गेले. ट्रक त्यांच्या मुलाकडे, मंगेशकडे आला. मंगेशने रंगीत दिवे लावले, मोठा भोंगा बसवला, आरशाला गोंडे बांधले. गाडीखाली मात्र तो कधी वाकला नाही. देवकाबाईंनी नवऱ्याची रीत चुकू दिली नाही. त्यांनी जेवढे पाहिले होते तेवढे दरवर्षी मनोभावे केले. मी वरून पिवळाधमक आणि आतून कोरडा ठणठणीत. नाल्याचे पाणी टोप्यांत शिरले. रूळ गंजले, मग त्यांची भुकटी झाली. वळणावर मी कटकट आवाज करून ओरडत होतो. मंगेशने गाण्याचा आवाज वाढवला.

यंदा पोळ्याच्या तोंडावर, बांबू भरून येताना, तलावाजवळच्या वळणावर मी पुरता जाम झालो. चाक वळले ते सरळ होईना. गाडी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली धानाच्या बांधीत उतरली. मंगेशच्या कपाळाला मोठी खोक पडली. ते रक्त मी खालून पाहिले नाही, पण शेजारच्या शेतात निंदणाला आलेल्या देवकाबाईंची किंकाळी ऐकली.

मोहाडीच्या जागेश्वर मिस्त्रीकडे आम्हाला ओढत नेले. कपाळाला पट्टी बांधलेला मंगेश म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाकू. माहा भरोसा उडला या गाडीवरचा."

"तुया बापानं पोटच्या लेकरावानी सांभाळली हे गाडी," देवकाबाई म्हणाल्या. "मीबी कसर नाई केली. जागेश्वरभाऊ, सुदरते का पाहा."

जागेश्वरने चाक काढले, शाफ्ट ओढून बाहेर घेतला. माझ्या टोप्या हातोडीने हलेनात, तेव्हा गॅसने तापवून, दाबून काढल्या. आतून तांबडी भुकटी गळली. टोप्यांवर मात्र वर्षानुवर्षांची हळद सुकून बसलेली.

"काहून जाम झाला भाऊ?" देवकाबाईंनी विचारले. "मी तं एकही साल खांद चुकवली नाई."

जागेश्वरने हळदीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "लोखंडाचंबी वय होते, काकू," तो म्हणाला.

देवकाबाईंनी मला हातात घेतले. नखाने हळदीची खपली काढली. खाली गंज होता. पोटाशी ते बारीक तोंड दिसले. त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि खूप वेळ काढले नाही.

"हे कायसाठी असते?"

"ग्रीस भराले, काकू. मारोतकाका माह्याकडूनच नेत."

"म्हंजे आत काईच पोचलं नाई माह्या हातून," त्या म्हणाल्या. "तुमी कायले खोटं बोलता, भाऊ?"



दोन्ही बाजूंना नवे क्रॉस बसले. गाडी राहिली. पोळ्याच्या आदल्या सकाळी देवकाबाई निंदणाला गेल्या नाहीत. पोत्यावर आडव्या होऊन त्यांनी नव्या क्रॉसांना स्वतः ग्रीस भरले आणि काळे हात पदराला पुसले. मला त्यांनी घरी आणून खिडकीत ठेवले आहे. मी तिथून संध्याकाळभर वाट पाहिली. हळदीची वाटी आली नाही. आवतन कोणाला दिले गेले नाही.

ज्याच्यावर माया कराल त्याच्या आत काय कोरडे पडले आहे, तेही पाहा. वरवरच्या हळदीने आतली तहान भागत नाही. हे मी माझ्या गंजाने शिकलो आहे. पण कधी आंबागडला आलात तर देवकाबाईंना एक निरोप द्या. ती हळद रुळांपर्यंत पोहोचली नसेल, पण मी वर्षभर तिची वाट पाहत असे. ग्रीस भरून झाल्यावर वरून थोडी हळद लावली, तर लोखंडाचे काही बिघडत नाही.