वडाचं लाल सूत

वटपौर्णिमेला मंद्रूपजवळच्या आमच्या गावात वडाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. हळदीत भिजवलेलं पिवळं सूत, त्यावर महाराजांच्या तीर्थाचे चार थेंब, आणि बघता बघता सूत लालभडक! सूत लाल झालं की त्या बाईच्या नवऱ्यावर मरण टपलेलं. इतकी वर्षं वड बिचारा गप्प होता. आठ दिवसांपूर्वी महाराज आले आणि त्याला वाचा फुटली.

मी इथली आशाताई, म्हणजे गावातली आरोग्यसेविका. क्षयाच्या रोग्यांनी माझ्यासमोर गोळ्या घेतल्याच पाहिजेत, असा माझा दंडक. म्हणून वैष्णवीच्या पूजेच्या ताटात आंब्यांशेजारी तिच्या नवऱ्याच्या गोळ्या दिसल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"ह्या हितं कशाला गं?"

"सूत लाल झालं, अक्का. महाराज म्हणले, गोळ्या वडाच्या मुळाशी पुरा. तीर्थ आन् औषध एका पोटात नांदत न्हाईत."

"चार महिने घेतल्यात. आता सोडल्या तर रोग उलटंल की!"

"त्यांचा जीव जायला लागलाय, अक्का!" ती रडायलाच लागली. मला तिची दया आली आणि महाराजांचा संताप.

तेवढ्यात सोजरबाई पुढे झाल्या. सुनेला कामावरून सुट्टी नाही, म्हणून सासूच तिचं सूत घेऊन आलेली. उन्हासाठी पदर पार कपाळावर ओढलेला. महाराजांनी डोळे मिटून कमंडलू तिरका केला. सूत लाल!

"माई, वटदेव कोपले! तुमचे धनी अमावास्या पाहणार नाहीत!"

"आमचे धोंडीराम?" सोजरबाईंनी पदर मागे सारला. "त्यांला जाऊन नऊ वर्षं झाली. आता आनि कुटं जायचे ऱ्हायलेत?"

बायका खो खो हसल्या. "आत्म्यालाही गंडांतर असतं!" महाराज गरजले.

सोजरबाईंनी कमरेच्या चंचीतून पानाचा चुना काढला आणि सुताच्या कोरड्या टोकाला फासला. तेही लाल! "हळदीला चुना लावला की लालच हुतंय. ह्यात देव कुटनं आला?"

मी कमंडलूतलं तीर्थ दुसऱ्या सुतावर शिंपडलं. लाल. महाराजांच्या शेजारच्या तांब्यातलं शिंपडलं, तर सूत पिवळंच. कमंडलूत चुन्याची निवळी, तांब्यात साधं पाणी! ज्या घरात आजारपण, त्या बाईला कमंडलू, बाकीच्यांना तांब्या. आजारी घरांची यादी महाराजांच्या चेल्यानं आठ दिवस घरोघर चहा पीत पीत जमवलेली. सोजरबाईंच्या मुलाला कावीळ झाली होती. फक्त सासूला सून समजण्यात घोटाळा झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की लुगडं लाल होतं, हे यातल्या प्रत्येकीनं धुणं धुताना पाहिलेलं. तेव्हा कुणी नवऱ्याच्या काळजीनं रडत नाही.

महाराजांना अचानक दुपारची एसटी आठवली.

मी वैष्णवीबरोबर तिच्या घरी गेले. तिच्या नवऱ्यानं, अभिमन्यूनं, सगळं ऐकलं, गोळ्या गिळल्या आणि बायकोला म्हणाला, "उपास माझ्या आयुष्यासाठी, आन् गोळ्या बी माझ्याच पुरायच्या व्हय?" ती रडता रडता हसली.

बायांनो, वडाला खुशाल सूत गुंडाळा. झाड सावली देतं, त्याला हात जोडल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण आजार डॉक्टरला दाखवा, आणि झाडाच्या वतीनं कुणी बोलायला लागला तर आधी त्याच्या कमंडलूत काय आहे ते बघा. अभिमन्यूच्या अजून दोन महिन्यांच्या गोळ्या उरल्या आहेत. त्या त्यालाच खायच्या आहेत.