यादीबाहेरचे उंडाळकर

बेंद्रेबाई कोऱ्या खोलीत शिरल्या आणि त्यांची कंबर दुखायची थांबली, कारण कंबरदुखी यादीत लिहिलेली नव्हती. कोऱ्या खोलीत यादीत असेल तेवढंच असतं. त्या सकाळच्या यादीत टेबल होतं, खुर्ची, कॉम्प्युटर, पेन, कागद, दार, खिडकी, पाण्याचा तांब्या आणि शेवटी स्वतः शैलजा बेंद्रे, इतकंच. खोलीही तेवढ्या सामानाला पुरेल एवढीच झाली होती. परवा त्याच दाराआड गोदामाएवढी जागा होती.

बाईंनी मान डावीकडे वळवून पाहिलं. उंडाळकर नव्हते.

त्यांना इतकं हायसं वाटलं की त्या खुर्चीत बसून दोन मिनिटं नुसत्याच पाय हलवत राहिल्या. बाहेर, ऑफिसात, उंडाळकर सहा वर्षं त्यांच्या डाव्या खांद्याशी उभे होते. बोलत नसत, हलत नसत, नुसते स्क्रीनकडे बघत. लोकांना सवय झाली होती. येणारा जाणारा त्यांना वळसा घालून जाई, झाडणाऱ्या मावशी त्यांच्या पायांभोवतीनं झाडू फिरवत. मालक मगदूम साहेब एकदा म्हणाले होते, "यांना जरा कडेला सरकवता येतंय का बघा." दोघा-तिघांनी मिळून प्रयत्न केला, पण ते सरकले नाहीत. मग साहेबांनी तो विषय सोडून दिला.

सांगलीतल्या या कंपनीचं काम तसं साधं. छोट्या गावांच्या नगरपालिकांना पाणी सोडायचं सॉफ्टवेअर द्यायचं. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी बंद करायचं ते सॉफ्टवेअर ठरवी आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडत, मिटत. त्याचं एकेक मॉड्यूल तयार झालं की बेंद्रेबाई त्याचं पॅकेज बांधत आणि ते सत्तावीस गावांना जाई. आता आपल्या टेबलावर सगळंच चालतं, कारण आपल्या टेबलावर नाही नाही ते पडलेलं असतं. गावाकडच्या कॉम्प्युटरवर त्यातलं काहीही नसतं. म्हणून ही कोरी खोली. मॉड्यूलला जे जे लागतं ते यादीत लिहायचं, यादी पॅकेजसोबत पाठवायची, आणि काही राहिलं असेल तर भिंतीतल्या फटीतून चिठ्ठी येते. फटीच्या पलीकडे हसीना मुल्ला बसायची. ती चिठ्ठ्या वाचून आत सरकवायची आणि तयार पॅकेज बाहेर घ्यायची.

सगळी मॉड्यूलं या खोलीत बांधून झाली होती, एक सोडून. वेळेचं मॉड्यूल बाई आपल्या टेबलावरच बांधत आल्या होत्या. कधी घाई आहे म्हणत, कधी खोली रिकामी नाही म्हणत. या सोमवारी मगदूम साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "बेंद्रे मॅडम, सबबी पुरे. आज आतच."

साडेदहाला त्यांनी बिल्ड लावलं, म्हणजे पॅकेज बांधायला घातलं. पहिली चिठ्ठी लगेच आली. "जास्तीचं: खिडकी." खिडकी गेली आणि ती भिंत हातभर पुढे आली. मॉड्यूलला जे लागत नाही ते यादीत ठेवून चालत नाही, हा नियम बाईंनीच केलेला होता. पाठोपाठ आलं, "जास्तीचं: तांब्या." मग, "जास्तीचं: दार." दार गेल्यावर बाईंचे गुडघे टेबलाला टेकले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. बिल्ड झालं की दार परत मिळतं असा त्यांचा अनुभव होता.

मग हसीनाचा आवाज आला. "मॅडम, ही चिठ्ठी बघा की जरा. मला कळेना."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, "सापडलं नाही: उंडाळकर."

बाईंनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

"तीनदा लावलं, मॅडम. तेच म्हणतंय."

बेंद्रेबाईंना दरदरून घाम फुटायला हवा होता. घामही यादीत नसल्यानं त्या कोरड्याच बसून राहिल्या. आता उंडाळकर म्हणजे कोण, हे सांगायला हवं. बाई पॅकेज बांधत आणि उंडाळकर ते गावोगावी जाऊन बसवत, असं दोघांनी सोळा वर्षं केलं. सहा वर्षांपूर्वी आंबेसावळी नावाच्या गावात पॅकेज बसवलं आणि शाळागल्लीला पाणीच आलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस. माणसं घागरी घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसली. इकडे मीटिंग झाली तेव्हा बाईंनी सर्वांसमक्ष आपल्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय." या धंद्यातला प्रत्येक जण हे वाक्य महिन्यातून एकदा म्हणतो, त्यात विशेष काही नाही. पण बांधणारीकडे चालतंय म्हटल्यावर चूक बसवणाऱ्याची ठरली. तेरा मार्चला उंडाळकरांना घरी पाठवलं. चौदा मार्चपासून ते बाईंच्या खांद्याशी उभे होते.

बाईंनी पेन घेतलं आणि यादीत लिहिलं, "उंडाळकर."

चिठ्ठी आली. "कोणते?"

हेही बरोबरच होतं. नुसतं नाव लिहून भागत नाही, कधीचं ते सांगावं लागतं. बाईंनी फार विचार केला नाही. त्यांनी लिहिलं, "तेरा मार्चच्या आधीचे." आणि टेबलापलीकडे उंडाळकर उभे राहिले, काळ्याभोर केसांचे, खिशाला बसचं तिकीट खोचलेलं.  हा माणूस इतका हसतमुख होता हे त्या साफ विसरल्या होत्या.

"अरे वा, आज लवकर आलो वाटतं," उंडाळकर म्हणाले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, बाई बसल्या होत्या तिथंच. "बेंद्रेबाई अजून आल्या नाहीत?"

"मी इथंच आहे," बाई म्हणाल्या.

"येतील. बस चुकली असेल." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "आल्या की सांगायचंय त्यांना. शाळागल्लीचं वेळापत्रक बघा कसं झालंय. घरोघर जाऊन विचारलंय मी. कुणाकडे टाकी आहे, कुणाकडे नाही, कुणाची आई आजारी आहे, सगळं..."

फटीतून चिठ्ठी आली. "जुळत नाही. या उंडाळकरांना त्या वेळच्या बेंद्रे लागतात."

त्या वेळच्या बेंद्रे बाईंकडे नव्हत्या. त्यांनी ओळ खोडली. उंडाळकर वाक्याच्या मध्येच गेले आणि त्यांच्या जागेएवढी भिंत आत सरकली.

"मॅडम, साहेब विचारतायत किती वेळ लागंल," हसीना म्हणाली.

"लागेल तेवढा लागेल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तेरा मार्चच्या नंतरचे उंडाळकर लिहिले.

हे उंडाळकर बारीक झाले होते. केस पांढरे, नाकावर चष्मा, पायात झिजलेल्या चपला, बाह्यांना पीठ लागलेलं. त्यांनी मिरजेला पिठाची गिरणी घातल्याचं बाईंच्या कानावर आलं होतं. त्यांनी बाईंना लगेच पाहिलं आणि बघतच राहिले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून बाईंनी यादीत ती लिहिली. खोली खुर्चीएवढी वाढली आणि उंडाळकर बसले.

"बोलावलंत," ते म्हणाले.

"तुमच्यावाचून बिल्ड होत नाही."

"बाहेर जे सहा वर्षं उभे आहेत, त्यांना विचारायचं होतं."

"ते बोलत नाहीत."

"माझ्याशीपण नाही बोलत," उंडाळकर म्हणाले.

पुढची चिठ्ठी आली. "सापडलं नाही: शाळागल्लीचं वेळापत्रक." ती टेबलावर दोघांच्या मध्ये पडली. दोघांनीही ती वाचली.

बाईंना ती चिठ्ठी वाचायची गरजच नव्हती. ते वेळापत्रक पॅकेजमध्ये घालायचं त्याच विसरल्या होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते होतं, म्हणून त्यांच्याकडे चालत होतं. गडबड सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या हे लक्षात आलं होतं. त्या दिवशी बोलल्या असत्या तरी उंडाळकरांची नोकरी राहिली असती. नवव्या दिवशी, उंडाळकर गेल्यावर, त्यांनी वेळापत्रक गुपचूप आंबेसावळीच्या कॉम्प्युटरवर टाकलं. पॅकेजसोबत एक कागद जातो, त्यावर या खेपेला काय बदललं ते लिहायचं असतं. त्यावर त्यांनी दोन शब्द लिहिले, "किरकोळ दुरुस्त्या." तो कागद कधीच कुणी वाचत नाही. तेव्हापासून वेळेच्या मॉड्यूलच्या प्रत्येक खेपेला त्या तेच दोन शब्द लिहीत आल्या होत्या.

त्यांनी यादीत वेळापत्रक लिहिलं. ते आलं, उंडाळकरांच्या अक्षरातलं, चार घड्यांचं. मग बदलांचा कागद पुढे ओढला आणि सवयीनं हात "किरकोळ" लिहायला लागला. "कि" झाल्यावर बाई थांबल्या. उंडाळकर त्या अक्षराकडे बघत होते. बाईंनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

त्यांनी लिहिलं, "सहा वर्षांपूर्वी आंबेसावळीच्या शाळागल्लीला नऊ दिवस पाणी गेलं नाही, ती चूक माझी होती. उंडाळकरांनी केलेलं वेळापत्रक मी पॅकेजमध्ये घातलं नाही. मला हे चौथ्या दिवशी कळलं. मी गप्प बसले आणि त्यांना घालवलं. शैलजा बेंद्रे."

त्यांनी कागद उंडाळकरांपुढे धरला. ते सावकाश वाचून म्हणाले, "बसवणाऱ्याचं पहिलं नावपण घाला. श्रीपती."

बाईंनी श्रीपती घातलं आणि कागद फटीतून बाहेर सरकवला.

हसीनानं तो दोनदा वाचला. मग हसीना अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे असंच पाठवू?"

"असंच पाठव."

"सत्तावीस गावांना जाणार बघा. साहेब इथंच उभे आहेत."

"साहेबांनी वाचलं का?"

"वाचतायत."

"वाचू दे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांच्याच ओळखीचा राहिला नव्हता, तो एखाद्या तरण्या पोरीसारखा मोकळा लागला. सहा वर्षं आपण ज्याला भ्यालो ते चार ओळींत मावलं, याचं त्यांना नवल वाटत होतं. उद्या नोकरी राहणार नाही, लोक नावं ठेवतील, हे सगळं त्यांना दिसत होतं आणि तरी छाती भरून श्वास येत होता. श्वास यादीत लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

भिंतीत घरघर झाली. बिल्ड झालं. पॅकेज फटीतून बाहेर गेलं आणि हसीना म्हणाली, "गेलं, मॅडम. सगळीकडे गेलं." नंतर तिच्या पावलांचा आवाज लांब जात गेला.

पॅकेज गावांना गेलं तरी एकदा त्याच खोलीत चालवून बघायची पद्धत होती. बाईंनी कळ दाबली. आधी पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा वास आला आणि मग टेबलाखालून पाणी आलं, स्वच्छ, गारेगार. ते बाईंच्या टाचांना लागलं. उंडाळकरांनी चपला काढून टेबलावर ठेवल्या आणि पँट दुमडली.

"शाळागल्ली," ते म्हणाले. "सकाळी साडेसहाचं."

"आता साडेअकरा झाले असतील."

"नऊ दिवसांचं राहिलंय की, बाई."

पाणी घोट्यावर चढलं. बाईंनी साडी वर खोचली आणि पाय पाण्यात मोकळे सोडले. त्यांना पोहता येत नव्हतं. दार परत आलेलं नव्हतं. तरीही हे पाणी अखेर कुठंतरी येतंय, यानं त्यांना इतका निवांतपणा आला होता की उठावंसंच वाटेना. त्यांनी वेळापत्रकाच्या घड्या उलगडल्या. घरं लिहिलेली होती, चालू करायच्या वेळा लिहिलेल्या होत्या. बंद करायच्या वेळेचा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा होता.

"हे राहिलंय. हे भरल्याशिवाय पाणी बंद व्हायचं नाही," बाई म्हणाल्या.

"पहिल्या दिवशी पाणी कसं भरतं ते बघून मी ते लिहीत असे. तेव्हा पाणीच आलं नाही, म्हणून चौदा तारखेला परत जाऊन लिहिणार होतो. गावात व्हॉल्व्ह अजून हातानंच बंद करतात म्हणे."

बाईंनी कागद त्यांच्याकडे फिरवला आणि वर पेन ठेवलं. पाणी खुर्चीच्या बैठकीला आलं.

"उंडाळकर, चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

उंडाळकरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला. पेनाचं टोपण काढलं. मग ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. शाळागल्लीत एकाहत्तर घरं होती, आणि ते प्रत्येक नावाशी थांबून, आत कोण कोण राहतं ते आठवून, मगच बोट खाली नेत होते. पाणी टेबलाच्या कडेला लागलं तेव्हा ते बाराव्या घरापर्यंत आले होते.