शंभरातले ऐंशी

"शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवाल का? हो की नाही, एवढंच सांगा," पाहणीचा कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावर उभी असलेली मुलगी पुन्हा विचारत होती.

"शेजाऱ्याकडे कशाला?" खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे असलेले फिकरी म्हणाले. ते गोदीत कारकून होते आणि सकाळी त्यांना कायम उशीर झालेला असे. "खाली दवलत आहे की. अख्ख्या इमारतीच्या किल्ल्या तिच्याकडे असतात."

"ती तुमची शेजारीण आहे?"

"छे! ती इस्त्रीवाली."

"मग शेजाऱ्याकडे नाही."

"नाही तर नाही. लिही बाई, माझा चहा गार होतोय."

खाली जिन्याच्या तोंडाशी टेबलावर इस्त्री फिरवणाऱ्या दवलतला हसू आलं. तिसऱ्या मजल्यावर शाळेत शिकवणाऱ्या मादाम इस्मत हेच बोलल्या, आणि चौथ्यावर एकटे राहणारे हाज बसयूनीही. "शेजाऱ्याला कशाला त्रास? दवलत आहे ना," असं ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की तळापर्यंत ऐकू आलं. ट्राम चालवण्यात जन्म गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे.

मुलगी खाली उतरली तेव्हा दवलतनं विचारलं, "मला नाही विचारलंस?"

"तुमचं घर आहे का इथं, खाला?"

"घर कुठलं? मागच्या खोलीत निजते. इस्त्रीची जागा मालकानं नवऱ्याला दिली होती, तो गेल्यावर माझ्याकडे आली."

"मग तुमचं उत्तर धरता येणार नाही," मुलगी म्हणाली. ती चांगल्या स्वभावाची होती. जाताना हात हलवून गेली.

दवलतच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि खिळ्यांना किल्ल्या. लग्न होऊन ती अलेक्झांड्रियात आली तेव्हापासून त्या तिथंच होत्या. कोणी गावाला गेलं की ती वर जाऊन खिडक्या उघडायची, मांजराला खायला घालायची, गॅसवाल्याला आत घ्यायची. कोणाच्या स्वयंपाकघरात मीठ कुठं असतं ते तिला अंधारातही सापडलं असतं. हे काही मोठं काम आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पेपरात मोठ्या अक्षरांत आलं: शंभरातल्या ऐंशी जणांचा शेजाऱ्यावर भरवसा नाही. टीव्हीवर एका गृहस्थांनी खेदानं मान हलवली. आपलं शहर आतून पोकळ झालंय, असं ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मादाम इस्मत खाली आल्या. "दवलत, आमची किल्ली दे गं जरा."

"प्रवासाला निघालात?"

"नाही. असू दे घरात."

"ते पेपरातलं मनावर घेतलंत? अहो, तुम्हीच तर 'नाही' म्हणालात. का म्हणालात तेही मी ऐकलंय."

"आमचं वेगळं गं. आम्ही तुझ्यामुळे म्हणालो." मादामनी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण बाकीचे? शंभरातले ऐंशी! एवढे लोक उगीच का म्हणतील? आणि त्यांच्या किल्ल्यांशेजारीच आमची लटकते. कोणी चुकून उचलली तर?"

संध्याकाळी फिकरी आले. "आमचं वेगळं आहे, दवलत," त्यांनी सुरुवात केली. पुढचंही जवळजवळ त्याच शब्दांत. मादामच त्यांच्या तोंडून बोलत आहेत असं दवलतला क्षणभर वाटलं.

खिळे एकेक करून मोकळे झाले. शेवटी हाज बसयूनी कठड्याला धरून उतरले. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज फुटत नव्हता.

"मुलीचा कुवेतहून फोन आला होता. तिनं तिकडे ती बातमी वाचली. म्हणाली, बाबा, किल्ली परत घ्या, आतून मोठी कडी बसवा."

"घ्या ना. तुमचीच आहे."

"रागावलीस?"

"हाज, तुमच्यावर रागावून मी जाऊ कुठं?"

त्यांनी खिळ्यावरून किल्ली काढली. मग किल्ली मुठीत धरून पायऱ्या चढू लागले. प्रत्येक मजल्यावर दम घ्यायला थांबले, पण एकही दार उघडलं नाही. पूर्वी कोणी तरी खुर्ची पुढे केली असती.

इमारत बदलली. दारांना साखळ्या आल्या. कपडे फटीतून बाहेर येत, फटीतून आत जात. दवलत जिना चढू लागली की दारांमधली टिकलीएवढी भोकं काळी होत, म्हणजे आतून कोणी तरी डोळा लावलेला असे. मागे वळलं की भोकात पुन्हा उजेड. मुलांनासुद्धा जिन्यात खेळू देईनात. एवढी माणसं आत असून भर दिवसा जिन्यात फक्त तिच्या चपलांचा आवाज यायचा.

मग हिवाळ्यातलं वादळ आलं. समुद्रावरून पाऊस आडवा येऊ लागला, सगळ्यांनी खिडक्यांची फळकुटं लावून घेतली आणि दुपारीच जिन्यात काळोख झाला. सकाळपासून दवलतच्या मागच्या भिंतीतून सगळ्या मजल्यांवर गेलेला पाण्याचा नळ वाजत होता. टक्. थांबून पुन्हा टक्. आधी अगदी मंद होतं, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. दुपारी मात्र ते वाढलं. एक ठोका वरून यायचा, त्याला दुसरा उत्तर द्यायचा, मग तिसरा, रागावल्यासारखा. तिनं नळावर तळवा ठेवला. थंडगार लोखंड हाताखाली थडथडत होतं.

ती वर गेली. फिकरींच्या दारावर थाप मारली. भोक काळं झालं.

"कोण?"

"मी दवलत. नळ कोण वाजवतंय?"

"वरचे! सकाळपासून छळ मांडलाय. जा तू."

तिसऱ्यावर मादाम इस्मत साखळीमागून म्हणाल्या, "खालचे वाजवताहेत. फिकरीच असणार. आम्ही काही मेलो नाही, आम्हालाही वाजवता येतं."

चौथ्यावर हाज बसयूनींनी ओ दिली नाही. तिनं दाराला कान लावला. आत काहीच नव्हतं. आणि पायाखाली सगळी इमारत टक्टक् करत होती.

"फिकरी!" दवलत जिन्यात वाकून ओरडली. "पहार घेऊन वर या! कोणी आहे का घरात? या ना!"

अखेर साखळ्या निघाल्या. कडी नवी होती, दार मोडायला वेळ लागला. हाज बसयूनी न्हाणीघरात नळाशेजारी पडले होते. हातात पत्र्याचा मग होता, त्याची कड चेपली होती. समोरच्या गल्लीतले डॉक्टर भिजत आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जाऊन बरेच तास झाले. सकाळीच केव्हा तरी. पडल्यावर मात्र लगेच गेलेले नाहीत."

तेवढ्यात त्यांच्या डोक्याशी नळ वाजला. टक्टक्.

मेलेल्या माणसाभोवती उभे राहून सगळे नळाकडे बघत होते. पुन्हा टक्टक्.

"बायको असेल," फिकरी कसेबसे म्हणाले. "मीच सांगून आलो तिला. वरचे थांबेपर्यंत वाजवत राहा म्हणून."

मादाम इस्मतच्या हातात अजून पळी होती. त्यांनी ती पाठीमागे नेली, पण सगळ्यांनी पाहिली होती. "मला वाटलं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. काय वाटलं ते कोणी विचारलं नाही.

दवलत खाली बसली. तिनं त्यांच्या बोटांतून मग सोडवला, झब्बा पायांवर नीट ओढला आणि मान वर न करता म्हणाली, "चादर आणा कोणी तरी."

सगळे एकदमच धावले. प्रत्येक घरातून एक चादर आली. एक अंगावर पुरली. बाकीच्या हातांत धरून माणसं जिन्यात ताटकळत राहिली.

मुलीला कुवेतहून यायला वादळामुळे वेळ लागला. तिच्याशिवायच दफन करावं लागलं. मोडलेलं दार बंद होईना आणि ती येईपर्यंत घराला हात लावायचा नाही असं ठरलं. दवलतनं कोणाला न विचारता आपलं टेबल चौथ्या मजल्यावर नेलं, उघड्या दाराला पाठ लावून मांडलं आणि तिथंच इस्त्री करू लागली. कपडे द्यायला आता लोकांना वर यावं लागे. येत, गठ्ठा ठेवत, आत एक नजर टाकत आणि खाली मान घालून उतरत.

दुसऱ्या दिवशी ती दाराकडे वळून कोळसे फुलवत असताना मागे काही तरी वाजलं. वळून पाहिलं तर वरच्या पायरीवर चहाचा ग्लास ठेवलेला, वर बशी झाकलेली. जिन्यात कोणी नव्हतं. खाली पावलं वाजत होती, पण कितव्या मजल्यावर थांबली ते तिला कळलं नाही. तिनं बशी उचलली. चहातून वाफ येत होती.