जावईबापूंची पकड

आमचे जावई आमच्या घरात आले ते कपाट घेऊन. आम्ही घर बदलत होतो. सामान हलवणाऱ्या कंपनीनं तीन माणसं पाठवतो म्हणून सांगितलं आणि एकच पाठवला. तक्रार करायला मी फोन उचलला, तोवर त्या एका माणसानं आमचं लोखंडी कपाट, आतल्या कपड्यांसकट, पाठीवर घेऊन जिना धरला होता. चार मजले. भिंतीला एक ओरखडा नाही. दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारबाई वर चढताना भेटल्या, तर कपाट पाठीवर असतानाच हे गृहस्थ बाजूला सरकून म्हणाले, "आजी, तुम्ही जा आधी. मला काही घाई नाही." माझी मुलगी हे वरून कठड्याला रेलून बघत होती. पुढचं लग्न म्हणजे नुसती औपचारिकता होती.

मी सगळी नोकरी वजनमापे खात्यात काढली. तराजूवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळायचा. पण जावयांचं वजन एकशे सतरा किलो भरलं तेव्हा मी काटा तपासला नाही. ते दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा, तेवढा पुरावा मला पुरला.

हे गृहस्थ नुसतं सामान उचलत नाहीत, जाळीच्या पिंजऱ्यात उतरून माणसंही उचलतात, हे आम्हाला साखरपुड्यानंतर कळलं. त्यांच्या वस्तादांना ते काही वर्षांपूर्वी एका पियानोखाली सापडले होते. वस्ताद म्हणजे पंचावन्न किलोचा कडक माणूस. टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये ते मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवत. त्यात ठोसे, लाथा, कुस्ती, हातपाय पिरगाळणं असं सगळं चालतं. फक्त चावायचं नाही. आमचे जावई त्यातले हेवीवेट. अठरा वर्षांत एकतीस लढती, पंचवीस विजय. निवेदक त्यांचं नाव पुकारायचा, "कपाट!" आणि माझी बायको दर वेळी म्हणायची, "अहो, आपलं कपाट!"

या वजनाच्या माणसाची खरी अडचण प्रतिस्पर्धी नसतो, सरावाचा जोडीदार असतो. साठ-सत्तर किलोचे हौशी लोक ढिगानं मिळतात. एकशे दहाच्या वरचा माणूस मुळात दुर्मिळ, आणि मिळालाच तर त्याच्या घरचे सोडत नाहीत. जावयांना अठरा वर्षांत दोनच टिकाऊ जोडीदार मिळाले: एक बेकरीवाला आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा, ज्याला एकशे बारा किलो वजन असूनही सगळे बारक्या म्हणत. म्हणून वस्तादांच्या शेडमध्ये एकच कायदा होता. पकडीत सापडलेल्यानं समोरच्याच्या अंगावर तळहातानं दोनदा हलकेच आपटलं, म्हणजे टॅप केलं, की त्यानं हार मानली.

"टॅप झाला की सोडायचं," वस्ताद ओरडायचे. "तिथल्या तिथं! बेकरीवाल्याचा हात मोडलास तर दुसरा बेकरीवाला कुठून आणू, तुझ्या सासऱ्याला उतरवू का?"

अठरा वर्षं. बेकरीवाला रोज सकाळी दोन्ही हातांनी कणीक मळत होता, यातच सगळं आलं.

अजिंक्यपदाच्या पट्ट्यानं त्यांना तीनदा हुलकावणी दिली. एकदा त्यांचा गुडघा गेला, एकदा समोरच्याचा, आणि एकदा आयोजकच गेला, कुठे ते अजून कळलेलं नाही. अडतिसाव्या वर्षी चौथी संधी आली. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "एक लढत. त्यानंतर खुर्चीत बसून बघायचं." म्हणजे पट्टा आत्ता, नाहीतर कधीच नाही. समोर रणगाडा नावाचा अजिंक्यवीर. आठ वर्षांनी लहान. त्याच्यासमोर दुसऱ्या फेरीपुढे कुणी टिकलेलं नव्हतं.

लढतीआधी कपडे बदलायच्या खोलीत वस्तादांनी स्वतःचाच कायदा उलटा केला.

"ऐक रे कपाटा. इथं टॅप झाला तरी सोडायचं नाही. पंच हात लावून थांबवेल, तेव्हाच. नियम आहे तसा. बोल."

"पंच थांबवेल तेव्हाच," जावई म्हणाले.

वस्तादांनी तीनदा वदवून घेतलं.

रविवारची दुपार, हॉल खच्चून भरलेला. बायको डोळे मिटून माझा दंड धरून बसली होती आणि दर दहा सेकंदांनी विचारत होती, "काय झालं?" मी म्हणत होतो, "उभे आहेत." पहिली फेरी, उभे आहेत. दुसरी फेरी, भुवई फुटली, उभे आहेत. रणगाड्याचा एकेक ठोसा आम्हाला दुसऱ्या रांगेत छातीत ऐकू येत होता. चौथी फेरी, अजून उभे आहेत. हा माणूस आमच्याकडे चहा पिताना बशीचासुद्धा आवाज करत नाही, तो हे सगळं अंगावर घेऊन पुन्हा पुढे चालत होता. धावत नाही, चिडत नाही. चालत.

पाचवी फेरी, शेवटची. गुणांत मागे. सव्वा मिनिट उरलेलं. रणगाडा अंगावर कोसळला आणि उताण्या पडलेल्या जावयांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन मांड्यांमधून छातीशी ओढला. कोपर उलट्या बाजूला वाकायला लागलं. अख्खा हॉल उभा राहिला. बायकोनंही डोळे उघडले.

आणि जावयांनी हात सोडला.

नुसता सोडला नाही, अलगद सोडला. वर रणगाड्याला काहीतरी विचारलं. ओठ हलले ते मला स्पष्ट दिसलं, "ठीक आहे ना?"

पंच पलीकडून ओरडला, "चालू!" रणगाड्यानं एकदा स्वतःच्या कोपराकडे बघितलं, एकदा पंचाकडे, आणि तो जावयांच्या छातीवर बसला. उरलेला वेळ त्यानं ठोसे मारण्यात घालवला. पट्टा एका गुणानं गेला.

"बाबा, त्यानं टॅप केलं," मुलगी पुटपुटली. "जाळीकडच्या हातानं. पंचाला दिसलं नाही. यांना जाणवलं."

जावयांनी हातमोजे काढून पिंजऱ्याच्या मधोमध ठेवले, म्हणजे निवृत्ती, आणि लंगडत बाहेर आले.

"तीनदा वदवून घेतलं होतं की नाही?" वस्ताद खोलीत किंचाळले.

"हो."

"मग?"

"टॅप झाला ना, वस्ताद."

वस्ताद तडक तक्रार घेऊन समितीकडे गेले. चित्रफितीत नेमकी रणगाड्याची पाठ दिसत होती. रणगाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, आठवत नाही. विषय संपला. वस्ताद परत आले, कात्रीनं जावयांच्या हातावरच्या पट्ट्या कापायला लागले, आणि म्हणाले, "माझीच चूक. मीच शिकवलंय."

मी मात्र आठ दिवस धुमसत होतो. शेवटी घरी आले तेव्हा विचारलंच. "जावईबापू, एक क्षण तरी मिळाला असेल की नाही विचार करायला? पट्टा डोळ्यांसमोर आला नाही?"

ते म्हणाले, "सांगता नाही येणार, बाबा. दाखवू का?"

मी सतरंजीवर आडवा झालो. त्यांनी माझा हात काचेचं भांडं उचलावं तसा घेतला, आणि माझं कोपर अशा जागी नेऊन थांबवलं, की तिथून पुढे फक्त आवाजच यायचा बाकी होता. दुखत नव्हतं. पण एकशे सतरा किलो माणूस माझ्या एका सांध्याशी श्वास रोखून थांबलाय, हे मला केसाकेसात कळत होतं. मी ठरवून टॅप केलं नाही. मला त्यांना गाफील पकडायचं होतं.

तेवढ्यात बायको दारात आली. "अगंबाई! अहो, हे काय चाललंय? वयाकडे बघा जरा!"

जावयांनी मान वर केली. "काही नाही आई, बाबांना जरा त्या दिवशीचं..."

मी त्यांच्या मांडीवर एका बोटानं टकटक केली. म्हणजे करायला घेतली. पहिली टक झाली, आणि दुसरीला बोट खाली येईपर्यंत माझा हात मोकळा होऊन सतरंजीवर पडला होता.

"...दाखवत होतो," जावयांनी वाक्य पुरं केलं. मग त्यांनी खाली आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि चकित होऊन मलाच विचारलं, "सुटला का?"