गोरं करणारी पावडर

आमच्या ह्यांना जाहिराती लिहायची भारी खाज. मी आपली मागच्या खोलीत मेण, तेल आणि पाणी घोटून साधी क्रीम करते, हातपाय फुटू नयेत म्हणून. परवाना तेवढ्याचाच. आणि ह्यांनी नव्या डब्यांवर छापून आणलं काय, तर ‘आठवड्यात गोरा रंग! वांग कायमचे बरे!’

ते वाचून तपासणी खात्याच्या बाई दारात हजर.

"रोग बरा करतं ते औषध," त्या म्हणाल्या. "क्रीमच्या डबीवर असलं काही लिहिता येत नाही, कायदा आहे. आणि आठवड्यात गोरं करणाऱ्या ज्या क्रीम आम्ही पकडतो ना, त्यांत बऱ्याचदा पारा निघतो."

"पारा? माझ्या क्रीममध्ये?" माझं डोकंच फिरलं. "खाऊन दाखवू का?"

बाईंनी नमुना घेतला, उरलेला माल सील केला आणि गेल्या. मी वळून पाहते तर ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"अगं, मी त्यात एक पावडर मिसळली होती. जाहिरात खोटी पडायला नको म्हणून."

"कसली पावडर?"

"उजळपणाची. बाजारात एक जण विकतो. कशाची ते नाही विचारलं."

परवाना गेला खड्ड्यात! माझ्या धाकट्या नणंदेला सहावा महिना चालू होता आणि पोटावर ताणाच्या खुणा उमटू नयेत म्हणून ती रोज हीच क्रीम चोळत होती. लग्नानंतर किती वर्षांनी दिवस राहिले होते पोरीला!

तिला घरी बोलावून सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि डबीत काय होतं ते आधी कळवा म्हणाले. पण कळायचं कसं? तो पावडरवाला बाजारातून गायब. तपासणीच्या बाईंना पावडरचं सांगितलं, पण नमुन्याचा अहवाल अजून यायचा होता. ह्यांना मी बोलायचं ते बोलले. नणंद मात्र एका शब्दाने कोणाला बोलली नाही, नुसती पोटावर हात ठेवून बसायची. तेच जास्त लागत होतं.

शेवटी एका सकाळी बाई आल्या. मी खुर्चीसुद्धा दिली नाही.

"आधी सांगा, पारा आहे?"

"नाही. पारा नाही, स्टिरॉइड नाही, घातक काहीच नाही. तुमची पावडर म्हणजे निव्वळ मक्याचं पीठ आहे. ह्या क्रीमने कोणी जन्मात गोरं होणार नाही."

"नक्की? काहीच होत नाही?"

"त्वचा मऊ राहते. बस्स."

आपल्या मालाला कोणी कुचकामी म्हटलं म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. जाहिरात मागे घ्यायची, पीठ मिसळलेला सगळा माल नष्ट करायचा आणि पुन्हा असं केलंत तर परवाना रद्द, असं बाई बजावत होत्या. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. नणंद माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

तेवढ्यात ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे त्याने मला पीठ विकलं? भामटा साला! सापडू दे, सोडतच नाही त्याला!"

"खबरदार!" मी ओरडले. "सापडला तर पाया पडा त्याच्या."

नणंदेने डोळे पुसले. "दादा," ती म्हणाली, "माझ्या वतीनेही पड."