थोरल्याच्या नावाचा शिपाई

"मामा, हात लावू नगा, सिमिट ओलं हाय," इलियास म्हणाला.

दादासोनं हात मागं घेतला, पण तो तिथून हलला नाही. शाळेपुढच्या चौथऱ्यावर मलकापूरच्या इलियासनं नुकतीच संगमरवराची पाटी बसवली होती. गावातून फौजेत जाऊन कामी आलेल्यांची नावं तिच्यावर होती, आणि चौथ्या ओळीत खुद्द दादासोचं नाव होतं. धडधाकट माणसाला स्वतःचं नाव हुतात्म्यांत वाचायला मिळावं, हा मान अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.

"ह्यो मी हाय," तो म्हणाला. "गेला तो माझा धाकटा भाऊ. नानासो."

इलियासनं थापी खाली ठेवली.

गोष्ट त्रेसष्ट सालची. साताऱ्यात भरती निघाली तेव्हा नानासोला सतरावंही पुरं झालं नव्हतं, आणि शाळेशी त्याचं कधी पटलं नव्हतं. अंगानं मात्र थोरल्यापेक्षा दांडगा. फौजेत जाणार म्हणून दोन दिवस जेवला नाही. शेवटी दादासोनंच आपला सातवीचा दाखला त्याच्या खिशात घातला. फौजेनं लिहून घेतलं ते दादासोचं नाव. पहिल्या रजेवर आला तेव्हा नानासो हसत सांगायचा, "हजेरीत नाव पुकारलं की मी ओ द्यायचंच इसरायचो. वाटायचं, तुलाच बोलवत्यात." दोघं भाऊ पोट धरून हसायचे. एकाहत्तरच्या लढाईत तार आली तीही त्याच नावाची. पोस्टमननं ती दादासोलाच वाचून दाखवली. आपण गेल्याची बातमी ऐकत तो दारात उभा होता, आणि ती खरी असती तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

"आवं मग नाव बदलून घ्या की," इलियास म्हणाला.

"आन् त्याच्या बायकूची पेन्शन? कागद खोटा निघाला तर बंद व्हईल. सव्वीस वर्सं सारा गाव गप हाय, त्यो भामाबाईसाठी."

"यादी कचेरीची हाय मामा. मी माझ्या मनानं कसं कोरू?"

दादासो घरी आला आणि उंबऱ्याबाहेरूनच भावजयीला म्हणाला, "पाटीवर माझंच नाव हाय. गप ऱ्हायाचं."

"व्हय, भावजी," भामाबाई आतून म्हणाली. "दर म्हैन्याला तुमच्या नावाफुडं अंगठा देतीया. आज काय नवीन?"

ज्या थोरल्या दिरासमोर तिनं कधी डोईवरचा पदर ढळू दिला नाही, त्याचीच विधवा म्हणून ती कागदोपत्री जगत होती. दादासोला तिथं उभं राहवेना.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्या पंधरा ऑगस्टला मांडव मोठा होता. तहसीलदारांनी पाटीवरचं कापड ओढलं आणि नाव पुकारलं, "वीरपत्नी भामाबाई दादासो जगदाळे!" भामाबाईनं शाल-नारळ घेतला. दोन शब्द बोला, असं कुणीतरी रीत म्हणून म्हणालं. लग्नात नाव घ्यायला तासभर अडून बसलेली ही बाई; ती माईकला काय बोलणार? पण ती माईकजवळ गेली.

"माझ्या मालकाचं नाव नानासो," ती म्हणाली. "नानासो गणपत जगदाळे. पाटीवर न्हाई त्ये."

तहसीलदार यादी चाळू लागले. आता सगळंच बाहेर येणार, असं दादासोला वाटलं, तोच सरपंच लालासाहेब खाकरले. ते नानासोबरोबर विटीदांडू खेळलेले.

"घरातलं नाव हाय साहेब. गावात त्येच चालतं."

"व्हय, व्हय," मांडवभर म्हातारी माणसं म्हणाली. एवढं एकमत गावात कधीच झालं नव्हतं.

"मग ऊर्फ घाला की पुढं," तहसीलदार म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

मांडव रिकामा झाल्यावर इलियासनं छिन्नी घेतली. ओळीत जागा होती. त्यानं बारीक अक्षरांत, पण खोल कोरलं. भामाबाई शाल काखेत धरून तोवर उन्हात उभी होती. तिला वाचता येत नव्हतं.

"भावजी, ह्यांचं कंचं?"

दादासोनं लांबूनच काठीचं टोक उचलून दाखवलं. तिनं पदराच्या टोकानं पाटीवरचा पांढरा भुगा पुसला. नानासोच्या अक्षरांवरचा तेवढाच. शेजारचं नाव भुग्यात तसंच राहिलं, आणि दादासोला ते बघून फार बरं वाटलं.