हळू आवाजातली हंसाबाई

मित्रांनो, मी एक जुना अँप्लिफायर आहे. ढाणकीजवळच्या एका तांड्यात, रूपसिंगच्या कापसाच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात काचेचे चार वाल्व आहेत. ते नीट तापेपर्यंत मी तोंड उघडत नाही. घाई करणाऱ्यांशी माझं कधी जमलंच नाही.

पण तरुणपणी माझा थाट काय सांगू! लग्न असो की होळी, रूपसिंग मला बैलगाडीत मानानं बसवून न्यायचा. त्याची बायको हंसाबाई होळीची लेंगी फार गोड गायची. एकदा त्यानं घरीच, ओसरीवर बसून तिचं गाणं टेपवर भरून घेतलं. मग दर होळीला ती कॅसेट माझ्यावर लागायची आणि तो बटण पार शेवटपर्यंत पिळायचा. शेजारच्या तांड्यापर्यंत आवाज गेलाच पाहिजे, ही त्याची हौस! तेवढ्या आवाजात मी फाटतो हो. गाणं कसलं, नुसता कलकलाट.

"हळू लावा जी," हंसाबाई म्हणायची.

"हळू लावाले हा काय रेडिओ हाय?" रूपसिंग हसायचा. गाणं संपलं की टाळ्या, आणि कॅसेट खटकन बंद.

पुढे त्याच्या मुलानं, संजयनं, डीजेचं मशीन आणलं. मोठ्या आवाजात ते घराचे पत्रे हलवतं, हे मी मान्य करतो. मी मात्र खोलीत गेलो. पाच वर्षं उंदरांशिवाय कोणी भेटायला आलं नाही. फार एकटं वाटायचं.

यंदा हंसाबाई वारली. तेरावं झाल्यावर एका दुपारी रूपसिंगनं तिची कॅसेट काढली. दुखवट्याच्या घरात मोठ्यानं कसं लावायचं? म्हणून त्यानं टेप नव्या मशीनला जोडून ती हळूच लावली. पण त्या मशीनला हळू बोलताच येत नाही. नुसती खरखर आली, बाईचा आवाज कुठेच नाही.

"बा, कॅसेट गेली," संजय म्हणाला. "आता भंगारवाला येऊन राह्यला. तो जुना डबाही देऊन टाकतो."

"थांब. मले एकडाव पाहू दे."

रूपसिंगनं मला पुसलं, टेप आणि ओसरीवरचा लाकडी स्पीकर जोडला, तापू दिलं आणि बटण जेमतेम फिरवलं. मी होतं नव्हतं ते सारं पणाला लावलं. आणि आली की हंसाबाई! श्वासासकट, बांगड्यांसकट, अगदी कानाशी बसल्यासारखी.

गाणं संपलं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून त्यानं कॅसेट बंद केली नाही. ती पुढे फिरत राहिली, आणि गाणं भरलं त्या दिवशीची हंसाबाई हळूच म्हणाली, "झालं न? ठेवा आता तो टेप. बसा ना माह्याजोळ घडीभर."

रूपसिंग मटकन खाली बसला. माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून लहान पोरासारखा रडला. भंगारवाला दारात हाका मारून निघून गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, हे तर मी सांगेनच. पण घरात कोणी हळू बोलणारं माणूस असेल, तर ते आहे तोवरच त्याचं ऐका. रूपसिंग आता रोज दुपारी माझं बटण जेमतेम फिरवतो, आणि ती 'बसा' म्हणाली की बसतो.